बिनविस्तवाची न्याहारी

माघातले धुके कृष्णेच्या खोऱ्यातून वर चढत होते. हळू चढत होते. कड्याकड्याला अंग घासत, सिल्व्हर ओकच्या रुपेरी पानांत अडकत, पुन्हा सुटत. पाचगणीच्या पठाराखाली स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर दव दाटले होते, आणि हिरव्या पानांआड लालचुटूक फळे थंडीने आणखी लाल झाली होती. जणू प्रत्येक फळाने आपापली इवलीशी शेकोटी पेटवली होती.

त्या धुक्यातून, त्या दवातून, खाकी गणवेशातली एक स्त्री रोज पहाटे पहिल्या गाडीकडे धावत जाई. खांद्यावर चामडी पिशवी, केसांत घाईने खोचलेला काटा, आणि ओठांवर न पुसलेला चहाचा एक थेंब.

ती मालन गोळे. पुण्याला जाणाऱ्या पहिल्या एसटीची वाहक.

आणि खिडकीच्या गजांमागून तिच्या पाठीकडे पाहत बसलेला तो तुळशीराम, तिचा नवरा. पाठ धुक्यात विरेपर्यंत तो पाहत राही. विरल्यावरही पाहत राही.

तीस वर्षे तुळशीराम अग्नीचा सोबती होता. एका निवासी शाळेच्या भोजनगृहात त्याने तीनशे मुलांचा भात शिजवला, तीनशे मुलांची आमटी ढवळली. भट्टीची निळी ज्वाळा त्याच्या डोळ्यांत नाचे, कढईचा खणखणाट त्याच्या मनगटात वाजे. फोडणीच्या नुसत्या वासावरून तो हिंग जळला की जिरे, ते सांगे. त्याचे हात भाजलेले होते, चिरलेले होते, आणि त्या प्रत्येक डागाचा त्याला अभिमान होता.

भाद्रपदातल्या एका सकाळी मोहरी तडतडली, आणि त्याच्या उजव्या हातातला झारा गळून पडला. उचलायला तो वाकला, तो उठलाच नाही.

पक्षाघात. पाय परत आला, फरफटत का होईना. वाचा परत आली, जराशी जडावून. उजवा हात मात्र आला नाही. तो खांद्याला लटकून राहिला. वाऱ्याने मोडलेली, पण झाडाला अजून चिकटलेली फांदी असावी तसा.

“गॅसजवळ जायचं नाही. सुरी धरायची नाही,” डॉक्टर म्हणाले होते. एवढी दोन वाक्ये. पण त्या दोन वाक्यांत त्याचे सारे स्वयंपाकघर विझून गेले.

तेव्हापासून तो ओट्यापासून दूर बसू लागला. पाटा पाहिला की मान वळवी. भांड्यांचा आवाज आला की डोळे मिटून घेई. मालन पहाटे चारला उठे. त्याचे पाणी तापवी, त्याला अंघोळ घाली, गोळ्या देई, मऊ भात नाहीतर लापशी त्याला घासाघासाने भरवी. मग घड्याळाकडे एक नजर, पायांत चपला, आणि धुक्यात धाव. ती स्वतः काय खाते, हे त्याने कधी विचारले नव्हते. स्टँडवर कँटीन असते. खात असेल काहीतरी.

दुःख मोठे असले की माणूस शेजारच्या ताटात पाहत नाही.

ऋतुजा, त्यांची मुलगी, पुण्यात नोकरीला. दिवाळीत आली तेव्हा तिने बापासाठी ओट्सचे एक मोठे पाकीट आणले होते. “पप्पा, संध्याकाळी दूध-दह्यात भिजवायचे, फळं घालायची. सकाळी न्याहारी तयार. पेटवायचं काही नाही, चिरायचं काही नाही.”

तुळशीरामने पाकीट हातात न घेताच म्हटले होते, “विस्तव न पाहिलेलं अन्न? ते गुरांचं आंबोण. तीस वर्षं मी माणसांना जेवू घातलंय.”

पाकीट फळीवर गेले. फळीवर धूळ बसली.

मग माघातल्या एका तिसऱ्या प्रहरी, उन्हाची तिरीप उंबऱ्यावर आडवी पडली असताना, मालनला दारापर्यंत सोडायला गाडीचा चालक आला. दस्तगीर मुजावर, साठीकडे झुकलेला, पांढऱ्या मिशांचा, मोजके बोलणारा. मालन आत पाणी आणायला वळली आणि दस्तगीरभाई दबल्या आवाजात म्हणाले,

“तुळशीरामभाऊ, सांगू नका म्हणाली, पण सांगतो. आज पसरणीच्या घाटात वहिनीला चक्कर आली. तिकिटं फाडता फाडता खाली बसली. एका म्हातारीनं गुळाचा खडा दिला तवा डोळे उघडले. रोज उपाशीपोटी चढते ती गाडीवर. स्वारगेट येईस्तोवर पोटात चहाबिगर काही नसतं.”

मालन तांब्या घेऊन बाहेर आली. उंबऱ्यावरचे ऊन सरकून भिंतीवर गेले होते.

तुळशीरामने बायकोकडे पाहिले. कितीतरी महिन्यांनी पाहिले. गणवेशाच्या बाह्या सैल झाल्या होत्या, गळ्याची हाडे वर आली होती. जिच्या हातून तो रोज घास घेत होता, तिचाच घास त्याने घेतला होता. आणि तीनशे ताटे वाढणाऱ्या माणसाला आपल्या घरातले एक रिकामे ताट दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मालन गाडीवर गेली, तशी त्याने डाव्या हाताने फोन लावला.

“ऋतुजा, ते गुरांचं आंबोण कसं करतात, सांग परत.”

पलीकडून एक हसू आले, जे हसता हसता ओले झाले. ती सांगत राहिली, तो ऐकत राहिला. वाटीला वाटी दूध, अर्धी वाटी दही, फळ आवडेल ते.

शेजारच्या हिराबाई वाफ्यांवर खुडायला जात. बाजारात न जाणारी, बोट लागून दबलेली फळे त्या घरी आणत. तुळशीराम पाय ओढत कुंपणापर्यंत गेला. सहा महिन्यांत पहिल्यांदा गेला. “वहिनी, मऊ पडलेली असतील तर द्या. मला मऊच पाहिजेत.”

ओंजळभर मागितली, तर पाटीभर मिळाली.

आणि मग, उतरत्या उन्हात, तो ओट्यापाशी उभा राहिला.

एका हाताचे जग किती अवघड! पाकीट दातांनी फाडावे लागले. दाणे निम्मे वाटीत, निम्मे ओट्यावर. स्ट्रॉबेरीचे हिरवे देठ अंगठ्याने खुडले, फळे डाव्या मुठीत चिरडली; बोटांच्या फटींतून लाल रस ओघळला, मनगटावरून कोपराशी आला. त्याने हात झटकला नाही. कितीतरी दिवसांनी त्या हाताला अन्नाचा वास येत होता.

फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी त्याने पोटाने ओट्याशी दाबून धरली. दुधाचे पातेले उचलले. पातेले कलले, बरणी निसटून आडवी झाली.

दूध सांडले. ओट्यावरून, कपाटावरून, फरशीवरून. पांढरे, संथ, सर्वदूर. आणि त्या पांढऱ्यात लाल फळे विखुरली.

नेमकी तेव्हाच मालन दारात आली. चौदा तासांची जागी, पायांना गोळे आलेली, खांद्यावरची पिशवीही न उतरवलेली.

“अवं, कशाला ह्या उचापती? मी नव्हते का येत? आणखी एक काम वाढवून ठेवलंत!”

शब्द सुटले, आणि सुटताच तिला चटका देऊन गेले. ती फडके आणायला वळली. वाकून पुसू लागली. पुसता पुसता तिला दिसले, की हिराबाईंची फळांची पाटी कोपऱ्यात आहे, ओट्यावर ओट्सचे ते धुळकट पाकीट आहे, आणि नवऱ्याचा डावा हात कोपरापर्यंत लाल झाला आहे.

“हे कुणासाठी?” तिने विचारले.

तुळशीरामची जीभ जडावली. ती आजारानेही जडावली होती, आज आणखी जडावली.

“तू उपाशी जातीस,” तो म्हणाला. “मला सांगितलं नाहीस.”

मालनचा फडक्यावरचा हात थांबला. दुधाचा एक ओघळ तिच्या गुडघ्याजवळून वाट काढत गेला; तिने त्याला जाऊ दिले.

“दूध उरलंय का?” त्याने विचारले.

“उरलंय अर्धं.”

“मग दे इकडं.”

तिने पातेले दिले. बरणी धुऊन दिली. आणि सवयीने बरणी धरायला हात पुढे केला.

“धरू नको.”

तिने हात मागे घेतला. पंचवीस वर्षांच्या संसारात तिने पुष्कळ दिले होते. पण त्या सांजवेळी मागे घेतलेल्या हाताइतके मोठे दान तिने क्वचितच दिले असेल.

तो खाली फरशीवर बसला, भिंतीला पाठ टेकून. बरणी दोन गुडघ्यांत घट्ट रोवली. ओट्सचे पिवळट दाणे ओतले. ते काचेवर पावसाच्या बारीक सरीसारखे वाजले. दही घातले, पांढरे, डोलणारे. दूध ओतले, या वेळी धार थरथरली, पण तुटली नाही. मग पाटीतली आणखी फळे मुठीत चिरडून, मग मधाचा चमचा, मग वेलदोड्याची पूड. चमचा बुडवून थेंबभर त्याने जिभेवर ठेवले, डोळे मिटले. मालन श्वास रोखून पाहत होती. ते मिटलेले डोळे तिच्या ओळखीचे होते. तीनशे मुलांची आमटी चाखताना तो असेच डोळे मिटत असे.

“मीठ,” तो म्हणाला.

“गोडात?”

“चिमूटभर. त्याबिगर गोड जागं होत नाही.”

तिने मिठाचा सट पुढे केला. चिमूट त्याने स्वतः घेतली.

पश्चिमेला ढग केशरी झाले, मग गुलाबी, मग राखाडी. बरणी फ्रिजमध्ये गेली. घर झोपले, आणि त्या थंड काळोखात, कुणी न ढवळता, कुणी न फुंकर घालता, दाणे दूध पीत राहिले. कोरडे होते ते ओले झाले, कठीण होते ते कोमल झाले. फळांचा रंग दुधात उतरला, दुधाची माया दाण्यांत शिरली. विस्तव नव्हता, नुसता वेळ होता. आणि वेळही अन्न शिजवतो, हे तीस वर्षांच्या आचाऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा कळायचे होते.

पहाटे मालनने बरणी उघडली. आत सकाळ होण्यापूर्वीची सकाळ होती. फिकी, गुलाबी, दाट. तिने उभ्यानेच चमचा घातला.

“बस,” तुळशीराम खाटेवरून म्हणाला. “उभ्यानं नाही.”

ती बसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा, आपल्या घरात, सकाळच्या अन्नासमोर मालन बसली. एक घास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्या घासाला तिचे डोळे भरले, पण हात थांबला नाही. भुकेला रडायला सवड नसते. आंबट आले, गोड आले, मागून वेलदोडा आला, आणि सगळ्यांच्या तळाशी कुठेतरी ते चिमूटभर मीठ.

तो विचारणार नव्हता. चांगला आचारी विचारत नाही. तरी त्याच्याने राहवले नाही.

“कसंय?”

मालनने बरणी तिरपी करून तळ खरवडला. चमचा चाटला. मग पिशवी खांद्याला लावता लावता, जणू रोजचेच काही सांगावे तशी, ती म्हणाली,

“उद्या केळ्याचं कराल?”

एवढेच म्हणाली आणि गेली. पण त्या ‘उद्या’ने तुळशीरामचे घर भरून गेले. कितीतरी दिवस त्याच्या दिवसांना उद्या नव्हता.

केळ्याचे झाले. देठ दातांत धरून साल सोलली, काट्याने गर कुस्करला. मग चिकूचे झाले, तपकिरी, खडीसाखरेसारखे रवाळ. पपईचे झाले, ते मालनला आवडले नाही, आणि तिने तसे स्पष्ट सांगितले, आणि तो दिवसभर त्यावर विचार करत बसला, पुढच्या खेपेला लिंबू पिळले. फाल्गुन सरला, चैत्र आला, कुंपणावरच्या तुती काळ्याभोर पिकल्या. निसटणाऱ्या बरणीवर तो आता उजवा हात उचलून ठेवू लागला. मुका, जड, पण ओझे म्हणून तरी कामाचा. एके दिवशी त्या मुक्या अंगठ्याने झाकणाच्या कडेला किंचितसे ढकलले. ढकलले की भास झाला, ते त्याने कुणाला सांगितले नाही. नुसते पुन्हा करून पाहिले.

आणि बरण्या दोन झाल्या, कारण मालनने गाडीवर नेलेल्या बरणीतले दस्तगीरभाईंनी एकदा चमचाभर चाखून दुसऱ्या दिवशी घरून आपली बरणी आणून मालनच्या हाती दिली होती. काही बोलले नव्हते. रिकाम्या बरणीलाही बोलता येते.

आता चैत्राच्या सकाळी गाडी घाट उतरून वाईच्या स्टँडवर थांबते. प्रवासी चहाला पांगतात. गाडीच्या पायरीवर वाहक बसते, चाकाशेजारी चालक उकिडवा बसतो. झाकणे फिरतात. तुतीचा जांभळा रंग दुधात लांबवर गेलेला असतो. कोवळे ऊन देवळांच्या कळसांवरून उतरते, टपांवरून घरंगळते, दोन बरण्यांच्या काचांत शिरते. चमचा बुडतो, चमचा वर येतो. चमचा बुडतो, चमचा वर येतो. आणि सकाळ घासाघासाने उजळत जाते.