अर्ध्यावर थांबलेला काटा

दातांच्या डॉक्टरांनी आयुष्यभर पेशंटना एकच उपदेश केला: जपून चावा. तोच नियम त्यांनी गाडीलाही लावला. लाल, बुटकी, दोनच माणसांची जुनी स्पोर्ट्‌स कार. दर रविवारी ते बायकोला शेजारी बसवून ती बाळंतिणीला न्यावं तशी हळू फिरवून आणत. इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या तबकडीवर आकडे आठ हजारांपर्यंत होते. डॉक्टरांनी काटा चार हजारांपुढे कधी जाऊ दिला नाही. प्रेमात माणूस फक्त जमेची बाजू बघतो. खर्ची काय पडलं ते गाडी सांगत होती, खोकून.

डॉक्टरांना वाटलं, म्हातारी झाली. दारात जीव सोडण्यापेक्षा चांगल्या घरी जाऊ दे. चष्म्याच्या दुकानाचे मालक ती विकत घ्यायची म्हणून बघायला आले, तेव्हा डॉक्टर पायरीवरून उठलेच नाहीत.

"तुम्हीच फिरवून बघा. मला नाही बघवणार."

"मी नेते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या मुलांना पोहायला शिकवत. कमरेएवढ्या पाण्यातच राहणाऱ्यांवर त्यांचा राग.

"तू? अगं, तिला तुझ्या हाताची सवय नाही."

"तुमच्या हाताची होती. काय भलं झालं तिचं?"

चष्मेवाले शेजारी बसले आणि गाडी खोकत कोपऱ्यावरून वळली. मागच्या गल्लीपलीकडे गोदामांचा सरळ, रिकामा रस्ता होता. तिथे बाईंनी गाडी दुसऱ्या गियरमध्येच ठेवली आणि पाय दाबला. पाच हजारांवर मागे काळा धूर उठला. वर्षानुवर्षं हळू चालवून इंजिनात साठलेली काजळीच ती.

"काकू, गियर बदला हो!"

"भीती वाटली तर डोळे मिटा."

सहा हजारांपुढे खोकला थांबला. घसा मोकळा झाला, आणि इतर गाड्या जिथे हात जोडतात तिथे हिने पदर खोचला. काटा वर चढला तशी ती गायलाच लागली. चष्मेवाल्यांनी डोळे मिटले नाहीत. चष्मा मात्र नाकावरून हनुवटीवर आला.

पायरीवर बसलेल्या डॉक्टरांना आधी वाटलं, कुणा दुसऱ्याची गाडी असेल. मग ते उठून उभे राहिले. बायको आपली, गाडी आपली, आणि दोघींचा हा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

गाडी दारात येऊन संथ घुमत उभी राहिली.

"घेतली!" चष्मेवाले उतरता उतरता म्हणाले.

"विकायची नाही."

"अहो, म्हातारी झाली म्हणून तुम्हीच सांगत होतात ना!"

"माफ करा. चांगला दात उपटायला निघालो होतो."

डॉक्टरांनी किल्लीसाठी हात पुढे केला. बाईंनी शेजारच्या सीटकडे बोट दाखवलं. डॉक्टर क्षणभर घुटमळले, मग गुडघे दुमडून आत बसले.

"आणि मी?" चष्मेवाले म्हणाले.

"चहा घेऊन जा. आई आहेत घरात," बाई म्हणाल्या.

कोपऱ्यापर्यंत डॉक्टर सवयीने "जपून, जपून" म्हणत राहिले. वळण संपल्यावर त्यांनी दाराची कडी घट्ट धरली आणि समोर बघतच विचारलं, "तो गोदामांचा रस्ता... इकडूनच जातो ना गं?"