मधोमध

"हात खिशात," जिना चढताना बायकोने तिसऱ्यांदा बजावलं, "आणि तोंड बंद. मी बोलते."

फरशीवाल्याने हात खिशात कोंबले. वीस वर्षं सिमेंट कालवून बोटांना भेगा पडल्या होत्या, आणि इस्त्रीचा शर्ट कितीही कडक असला तरी बोटं चुगली करतातच. राहती खोली महिनाअखेर सोडायची होती. नव्याने सजवलेला हा फ्लॅट मुलीच्या शाळेसमोरच होता. पण मालकीणबाईंना भाडेकरू हवा होता ऑफिसातला.

दार उघडलं. समोर फरशी तळ्यासारखी चमकत होती. त्याचीच. दोन महिन्यांपूर्वी कंत्राटदाराच्या हाताखाली गुडघे सोलून बसवलेली. तेव्हा बाई एकदाही फिरकल्या नव्हत्या.

"साहेब कुठे असतात कामाला?"

"ऑफिसात. कागदपत्रांचं बघतात," बायकोने घोटभर पाणी प्यावं इतक्या सहज सांगितलं. सोबत आलेल्या मुलीने खोकून हसू गिळलं.

"बरंय. मागच्या भाडेकरूने खिळे ठोकून भिंतीची चाळण केली. या, स्वयंपाकघर बघा."

तिघी हॉल ओलांडून गेल्या. तो मात्र भिंतीला खेटून, चवड्यांवर, कडेकडेने निघाला. फरशीचे सांधे ओले असताना मधे पाय द्यायचा नाही, हे अंगातच मुरलेलं.

बाई थबकल्या. "अहो, मांजरासारखे काय चालताय?"

"पाय दुखतो त्यांचा," बायको घाईने म्हणाली.

"दोन्ही?"

मुलगी बापाकडे बघत राहिली. आता तिला हसू येत नव्हतं. घसरायची भीती वाटली, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. बायको डोळ्यांनी तेच विनवत होती.

त्याने हात खिशातून बाहेर काढले.

"ही फरशी मी बसवलीय, बाई. सवयीने गेलो कडेने."

बाईंनी आधी त्याची बोटं पाहिली, मग फरशी. "काम छान झालंय हो." बोलण्यातला साहेब कुठल्या कुठे गेला होता. "घराचं मात्र... कळवते मी."

कळवते म्हणजे काय, हे कळायला ऑफिसात असावं लागत नाही. बायको बाहेर जाऊन चपला शोधू लागली.

"चला बाबा," म्हणत मुलीने त्याचा हात धरला, भेगांसकट.

तो निघाला. या वेळी हॉलच्या मधोमध, प्रत्येक फरशीवर पुरतं पाऊल टेकवत.