नाथाच्या जीपमधला स्पीकर

मी एक जुना स्पीकर आहे. रोह्याजवळच्या वरसे गावात, नाथा आणि गिरजा यांच्या पडवीत एका खुंटीला लटकलो आहे. माझा कागदी पडदा फाटला आहे, पाठीचं लोहचुंबक गंजलं आहे आणि तारा कापून टाकल्या आहेत. आता मला आवाज उरलेला नाही. तरीही मित्रांनो, जे माझ्यासमोर घडलं ते तुम्हाला सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. काळा जाड कागद वाटीसारखा वळवला, त्याच्या बुडाशी तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं बसवलं, मागे चुंबक लावलं आणि मला वाचा फुटली. माझ्यासोबत हुबेहूब माझ्यासारखा एक जोडीदारही घडला. एक्याण्णव साली पेणच्या पोपटशेठनी त्यांच्या दुकानातून आम्हा दोघांना काढून नाथाच्या जीपच्या पुढच्या दारांत बसवलं. नाथाच्या बाजूला मी, पलीकडे तो.

नाथा भाड्याची जीप चालवायचा. पहाटे धाटावच्या कंपन्यांत शिफ्टची माणसं सोडायची, मग रोह्याहून नागोठण्यामार्गे पेण आणि परत. कॅसेट लावण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सकाळी भजनं, दुपारी ढोलकीची गाणी, संध्याकाळी थकलेली माणसं परतताना हळुवार काहीतरी. आवाज असा बेताचा ठेवायचा, की गाणंही ऐकू यावं आणि माणसांच्या गप्पाही चालाव्यात. धाटावला कामाला असलेला सखा म्हणायचा, "नाथाभाऊ, तुझ्या गाडीत बसलो ना, की अर्धा शीण तिथंच जातो बघ." भाजीची पाटी घेऊन पेणच्या बाजाराला जाणारी धोंडुबाई तर दुसऱ्या जीपा सोडून द्यायची आणि आमचीच वाट बघत नाक्यावर बसून राहायची. मला माझा फार अभिमान वाटायचा.

हे सुख चार-पाच वर्षं टिकलं. मग नाथाचा हात आवाजाच्या बटणावर वरचेवर जाऊ लागला.

आधी थोडा वाढवायचा. मग आणखी थोडा. "आवाज बसला रे याचा," असं पुटपुटत तो माझ्यावर थाप मारायचा. मी गोंधळलो. माझा पडदा तेव्हा धड होता, तार शाबूत होती. मी जीव तोडून वाजत होतो. माझा जोडीदारही वाजत होता. मागे बसलेली माणसं कानांवर हात ठेवू लागली.

"नाथाभाऊ, जरा कमी कर की!" सखा एकदा ओरडला.

"कुठं उतरायचं हाय?" नाथाने विचारलं आणि गाडी बाजूला घेतली.

सगळे हसले. नाथाही हसला, पण स्टिअरिंगवरच्या त्याच्या मुठी आवळल्या होत्या. मी त्याच्या मांडीपासून वीतभर अंतरावर होतो. माझ्याइतकं जवळून त्याला कुणी पाहत नव्हतं. मित्रांनो, त्या दिवशी मला कळलं, की बिघाड माझ्यात नव्हता. लहानपणापासून वाहणारा त्याचा डावा कान केव्हाच निकामी झाला होता आणि आता उजवाही चालला होता. कान ठणकला, की तो त्यात कोमट तेल सोडायचा, कापसाचा बोळा घालायचा आणि गाडीवर बसायचा.

त्याला स्वतःला हे ठाऊक होतं. पण बहिऱ्याच्या गाडीत कोण बसणार? ही एक भीती त्याला आतून कुरतडत होती. म्हणून तो दोष माझ्यावर ढकलत होता. मला ओरडून सांगावंसं वाटे, "अरे, कान दाखव कुणाला तरी!" पण जगाची गाणी म्हणणाऱ्या मला स्वतःचा एक शब्दही उच्चारता येत नव्हता.

एका रविवारी तो गिरजाला घेऊन पोपटशेठच्या दुकानासमोर येऊन थांबला. त्याच्या दाराची काच खाली होती, म्हणून मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. दुकानात एका फळीवर नव्या स्पीकरच्या जोड्या लावल्या होत्या. एकेक बटण दाबलं, की एकेक जोडी वाजायची.

"ही लंबगोल घ्या," पोपटशेठ म्हणाले. "पुढच्या दारांतले राहू द्या, ही मागं लावू. यात बारीक आवाजाचा छोटा स्पीकर वेगळा हाय. टाळ, घुंगरू कसं स्वच्छ येतंय, ऐका."

टाळ खणखणीत वाजत होते. रस्त्यावरून मला ऐकू आले. नाथा फळीकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "वाजव की."

"वाजतंय की नाथाभाऊ!"

गिरजाने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. तो लगबगीने म्हणाला, "व्हय व्हय, वाजतंय. पण दम नाय त्यात."

पोपटशेठनी दुसरी जोडी लावली, मग तिसरी. शेवटी नाथाने पुढे होऊन प्रत्येक स्पीकरच्या पडद्यावर पंजा ठेवला. जो सगळ्यात जास्त थरथरत होता, तिथे त्याचा हात थांबला. "हाच," तो म्हणाला. काळा, भलामोठा, नुसते ठोके मारणारा. शेठ म्हणाले, "अवो, याच्यात गाणं गढूळ होतंय." पण नाथाने मान हलवली.

गिरजा त्याच्या पाठीमागे गेली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अवो, इकडं बघा." तो वळला नाही. पुन्हा म्हणाली. तो हाताखालच्या थरथरत्या पडद्याकडेच बघत राहिला. तिने तोंडाला पदर लावला.

जीपमध्ये बसल्यावर ती म्हणाली, "आपण डॉक्टरकडं जाऊ."

ती मोठ्याने बोलली होती. नाथाने ऐकलं. "माझ्या कानाला काय बी झालं नाय! पुन्हा बोलू नको गो," असं म्हणून त्याने गाडी काढली.

मागे बसवलेल्या त्या राक्षसी जोडीपुढे आमचा आवाज बुडून गेला. प्रवासी कमी होऊ लागले. सखा दुसऱ्या जीपने जाऊ लागला. धोंडुबाई तेवढी न चुकता यायची.

मग तो दिवस आला. नागोठण्याच्या पुढे भर दुपारी रस्त्यात बैलगाडी होती. तिला चुकवायला नाथाने गाडी उजवीकडे घेतली. मागून टँकर पुढे निघत होता. त्याचा हॉर्न केव्हाचा वाजत होता. मागची माणसं ओरडत होती, धोंडुबाई सीटवर हात आपटत होती. मी ऐकत होतो आणि माझ्यातून मात्र ढोलकी वाजत होती! माझ्याच आवाजात तो हॉर्न आणखी बुडत होता. मित्रांनो, त्या वेळी माझी तार जळून गेली असती, तर बरं झालं असतं.

टँकर माझ्याच दाराला घासत गेला. पत्रा आत आला, माझा पडदा फाटला आणि जीप रस्ता सोडून शेतात उतरली. देवाची कृपा, कुणी दगावलं नाही. पण धोंडुबाईचा हात मोडला.

टँकरवाला धावत आला. "किती हॉर्न मारला! बहिरा हायस काय?"

नाथाला आवाज पोचला नाही, पण टँकरवाल्याच्या ओठांवरचा 'बहिरा' हा शब्द बरोबर कळला. तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी त्याने कान झाकून घेतले.

पुढे कित्येक दिवस चेपलेली जीप अंगणात उभी होती. नाथा नीट जेवत नव्हता. टेप पूर्ण मोठा करून गाडीत बसून राहायचा. माझ्या फाटक्या पडद्यातून नुसती खरखर निघायची. एका दुपारी गिरजा शेजारी येऊन बसली. समोर बघत ती हळू बोलू लागली. आईच्या आजारपणाचं, रात्रभर झोप लागत नाही त्याचं, मनात साठलेलं कायकाय. शेजारी नवरा होता आणि ऐकणारा मी होतो. मग एकाएकी तिने टेप बंद केला आणि दोन्ही हातांनी त्याचा चेहरा स्वतःकडे वळवला.

"मला तुमच्याशी हळू बोलायचं हाय वो!" ती किंचाळली. "घरातली गोष्ट सांगायची, तर साऱ्या आळीला ऐकू जातीय. मी बोलणंच सोडलं. तुम्हाला ते बी कळलं नाय!"

नाथाचा धीर सुटला. "गाडी गेली तर मी काय करू गो?" तो लहान मुलासारखा रडू लागला. "दुसरं काय येतंय मला?"

त्याच वेळी मोडलेला हात गळ्यात बांधलेली धोंडुबाई अंगणात आली होती. नाथा तिच्या पायाशी वाकला. ती म्हणाली, "तू आयकत नव्हतास, तर मला वाटायचं, बाला, तू रागावलायस माझ्यावर. सांगितलं असतंस, तर मी पुढं बसले असते. मागून गाडी आली, की खांद्यावर हात मारला असता. एवढं सांगता नाय आलं?"

दुसऱ्या दिवशी तो कानाच्या डॉक्टरकडे गेला. परत आल्यावर गिरजाने विचारपूस करायला आलेल्या सखाला अंगणातच सांगितलं, ते मी ऐकलं. डावा कान पार गेला होता. उजव्यात थोडं ऐकू येणं शिल्लक होतं. औषधाने ते टिकेल, यंत्राने थोडी मदत होईल. वेळेवर आला असता तर दोन्ही कान वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले होते.

नाथाने स्वतः नाक्यावर जाऊन बाकीच्या जीपवाल्यांना सांगितलं, की यापुढे तो माणसं बसवणार नाही. जीप विकली. मोठे स्पीकर तिच्याबरोबर गेले, माझा जोडीदारही गेला. चेपलेलं दार बदलताना मला काढलं, फेकायला कुणाचा हात धजला नाही, म्हणून मी इथे आलो. आता नाथा रोज दुसऱ्याच्या जीपने पेणला जातो आणि गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासून गुळगुळीत करतो. त्यात त्याचं मन रमलं असं मी म्हणणार नाही. रस्त्यावरून एखादी जीप गेली, की पडवीतल्या जमिनीला बारीक थरथर येते आणि तो बसल्या जागी उजवा पाय दाबतो. धोंडुबाईचा हात जुळला, पण वाकडा.

मित्रांनो, तुमचा कान ठणकत असेल, वाहत असेल, तर त्यात तेल ओतू नका, लगेच घरात सांगा. आणि घरातलं कुणी पुन्हा पुन्हा "काय?" असं विचारू लागलं, तर हसू नका, रेडिओचा आवाजही वाढवू नका. उठा, त्यांच्या जवळ जाऊन बसा आणि त्यांना खरं काय होतंय ते विचारा. लाजेपायी ते तुम्हाला आपणहून सांगणार नाहीत.