चेन कुप्पीचा भाव

जुन्या हत्याराचा भाव सांगावा तर तुळशीदासनंच, असं कफ परेडच्या मच्छीमार नगरात वीस वर्षं म्हणत होते. कुणाला पान्यांचा सेट हवा असो, पंप हवा असो, लोक त्याला दोन टाकीच्या बाजारात सोबत न्यायचे. तो पाना दुसऱ्या लोखंडावर वाजवून आवाज ऐकायचा, त्याच्या जबड्यावरून बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "चारशे. वर एक रुपया देऊ नको." दुकानदार थोडा वेळ रडगाणं गायचा आणि चारशेवर यायचा.

गेल्या दोन वर्षांत लोक किर्तीला न्यायला लागले.

किर्ती त्याच्या धाकट्या भावाची मुलगी. सत्तावीस वर्षांची, आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झालेली. सुरुवातीला बंदरावरचे पुरुष तिला हसले. मग तिनं एका बोटीचा गिअरबॉक्स दिवसभरात खोलून लावून दिला आणि हसणं थांबलं. तुळशीदासचा उजवा खांदा त्याच सुमाराला धरला होता. तो करायचा ती इंजिनाची कामं तिच्याकडे गेली, ते त्यानं कसंबसं सोसलं. खांदा चालत नाही तर काम कुणाकडे तरी जाणारच. पण भाव सांगायला खांदा लागत नाही.

मासेमारीची बंदी लागली तशी रखमा किर्तीकडे आली. नवऱ्यामागे बोट तीच सांभाळत होती, तिचा मुलगा प्रितम समुद्रावर जायचा. इंजिन उचलून बाहेर काढायचं होतं. त्यासाठी लागते ती चेन कुप्पी, म्हणजे साखळी ओढली की जड वजन वर चढवणारी कप्पी, ती दर वर्षी भाड्यानं आणायचे. यंदा स्वतःची घ्यायची होती, पण जुनी.

शुक्रवारी सकाळी किर्ती तुळशीदासच्या दारात उभी राहिली.

"काका, चल ना सोबत."

"मी कशाला? तुझ्या मोबाइलमध्ये सगळे भाव असतात."

"मोबाइलला नव्याचा भाव कळतो. चल ना."

तिनं दयेनं विचारलं असं त्याला वाटलं. तरी शर्ट घालून तो निघाला.

दोन टाकीला त्याचा नेहमीचा दुकानदार होता, चाचा. तुळशीदास दिसला की चाचा हातातलं गिऱ्हाईक सोडून उठायचा. आज तो म्हणाला, "आओ बेटी, आओ," आणि मग, "तुलसीभाई, कंधा कैसा है अब?" आजारी माणसाला विचारावं तसं. चहा आला तो आधी किर्तीच्या हातात गेला.

एक टनाची कुप्पी होती, पिवळ्या रंगात रंगवलेली. चाचानं साडेसात हजार सांगितले.

किर्तीनं घाई केली नाही. साखळीचं एकेक कडं व्हर्नियरनं मोजलं. दुकानातला एक इंजिन ब्लॉक लटकवून अर्ध्यावर थांबवला आणि पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिली, ब्रेक घसरतो का ते. मग म्हणाली, "चाचा, नयी ग्यारह में मिलती है. पुराने का हिसाब आधे के नीचे से शुरू होता है. और ताजा कलर है, उसका हजार कम."

तुळशीदासच्या अंगाची लाही झाली. 'निम्म्याच्या खालून सुरुवात कर, ताज्या रंगाचे पैसे काप' हे त्याचं वाक्य होतं. ती दहा वर्षांची असताना बापाबरोबर बाजारात यायची, तेव्हा तिनं ते त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. आज ती ते स्वतःचं असल्यासारखं बोलली. आजूबाजूचे दोघं-तिघं मान डोलवत होते. एक जण म्हणालाही, "लडकी को मालूम है."

सौदा बेचाळीसशेवर आला. तुळशीदासनं सौदा केला असता तर पंचेचाळीसशेला घेतली असती. हे त्याला मनातल्या मनात कबूल करावं लागलं आणि त्यामुळे तो जास्तच जळला.

"काका, तू बघ एकदा," किर्ती म्हणाली.

त्यानं खालचा हुक हातात घेतला. हुकाचं तोंड फाकलेलं नव्हतं, ते तिनंही मोजलं होतं. पण मानेजवळ, फिरत्या नटच्या खाली, रंगाच्या आत त्याच्या अंगठ्याला बारीक उंचवटा लागला. त्यानं हुक फिरवला आणि परत चाचपलं. मान कधीतरी तुटली होती. कुणीतरी वेल्ड करून, घासून, वर रंग मारला होता. दुकानातला दीडशे किलोचा ब्लॉक हुकानं पेलला; पाचशे किलोचं इंजिन पेलेलच असं नाही.

"काय वाटतं?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. सकाळपासून पहिल्यांदा.

"चांगली आहे," तो म्हणाला. "घे."

परत येताना बसमध्ये त्यानं मनाशी सगळं ठरवलं. उद्या इंजिन उचलायच्या आधी सगळे जमतील. रखमा असेल, शेजारच्या बोटीवाले असतील. तेव्हा पुढं व्हायचं, चाकूनं रंग खरवडायचा आणि दाखवायचं. एकदा तिचं तोंड उतरू दे. कुणाला काही होणार नव्हतं. तो असणारच होता तिथं. रात्री त्याला छान झोप लागली.

काम नऊला सुरू होणार होतं. तो पावणेनऊला पोचला, तर बंदरावर तीन बल्ल्यांची तिवई उभी, कुप्पी टांगलेली आणि इंजिन बोटीच्या फळ्यांच्या वर हातभर उचललेलं. ओहोटी लवकर लागली म्हणून त्यांनी साडेआठलाच हात घातला होता. किर्ती साखळी ओढत होती. प्रितम इंजिनाखाली वाकून, दोन्ही हात आत घालून अडकलेला बोल्ट सोडवत होता.

तुळशीदास ओरडला, "प्रितम, बाहेर हो! बाहेर! खाली घे ते, किर्ती, हळू घे!"

प्रितम दचकून मागं सरला. किर्तीनं काही न विचारता इंजिन हळूहळू फळ्यांवर टेकवलं. तुळशीदासनं चाकूनं रंग खरवडला. वेल्डच्या कडेनं केसाएवढी चीर गेली होती.

"बाप रे," कुणीतरी म्हणालं. मग सगळे एकदम बोलू लागले. काय नजर आहे, म्हातारा उगाच नाही, मोजमाप कितीही करा पण हात तो हातच. रखमानं प्रितमला दोन्ही दंडांना धरून ठेवलं होतं. तुळशीदासला हवं होतं ते सगळं झालं होतं, शब्दन् शब्द. त्यानं कुणाकडे न बघता चाकू मिटला.

माणसं पांगल्यावर किर्ती जवळ आली. तिचं तोंड उतरलेलं होतंच.

"काल तू हुक फिरवून परत बघितलास."

तो कुप्पीची साखळी गोळा करू लागला.

"मला सांगितलं असतंस तर मी तिथंच सोडली असती. चाचासमोर तुझं नाव घेतलं असतं." तिनं खरवडलेल्या हुकाकडे बोट केलं. "कळलं होतं ना तुला?"

"हो."

ती हत्यारं गोळा करून निघून गेली. तिनं कुणाला सांगितलं नाही. तेही त्याला टोचलं, की एवढं मोठं मनही तिच्याकडेच.

संध्याकाळी रखमानं सुक्या बोंबलांची मोठी जुडी पाठवली, पोराला वाचवलं म्हणून. तुळशीदासच्या बायकोनं ती कौतुकानं खुंटीला लावली. तो तासभर त्या जुडीसमोर बसला, मग उठून ती काढली आणि रखमाच्या घरी गेला.

"हे ठेव," तो म्हणाला. "मला काल दुकानातच दिसलं होतं. मी गप्प बसलो."

"का?"

"पोरीचं नाव होतंय ते बघवलं नाही."

रखमानं त्याच्याकडे बघितलं. ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं. तिनं बोंबील घेतले, आत ठेवले आणि म्हणाली, "जा तू आता, तुळशीदास." त्यानंतर कितीतरी दिवस ती समोरून आली तरी त्याच्याशी बोलली नाही.

सोमवारी तो एकटाच कुप्पी घेऊन चाचाकडे गेला. चाचानं चीर बघितली, कानाला हात लावला. गोडाऊनच्या लॉटमधून आली होती, रंगासकट, त्यालाही माहीत नव्हतं. त्यानं दुसरी दिली. ती हजारानं महाग होती. वरचे हजार तुळशीदासनं भरले आणि कुप्पी रखमाच्या बोटीवर नेऊन ठेवली.

नारळी पौर्णिमा होऊन गेल्यावर किर्ती आली. दारातच उभी राहिली.

"वेल्डिंग मशीन बघायला चाललेय. येणार असशील तर चल. पण दिसेल ते तिथंच बोलायचं."

तो गेला. जळणं काही गेलं नव्हतं. ती मशीन खोलून, चालू करून बघत होती आणि माणसं तिच्याकडे बघत होती, तेव्हा ते पुन्हा वर आलं. तिनं साडेतीन हजार ठरवले.

"दोनशेनं जास्त आहे," तुळशीदास सगळ्यांसमोर म्हणाला. "पंख्याचा आवाज ऐक. बेअरिंग गेलंय."

किर्तीनं कान लावला. मग दुकानदाराकडे वळून म्हणाली, "तैंतीस सौ."