भिंतीकडे तोंड केलेला टेप

“माग थांबला की पयला आवाज खाली घ्यायचा गं, मग बोलायचं!”

मित्रांनो, अक्काताईंचं हे बोलणं अजून माझ्या जाळीत अडकून आहे. आमच्या वडगावात विणकराच्या घरी नवी सून आली, की चूल दाखवायच्या आधी तिला हे शिकवतात. यंत्रमागाच्या खडखडाटात माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात. करंट गेला की सगळे माग एकदम गप्प होतात, पण ओरडणाऱ्याचं तोंड चालूच राहतं, आणि घरातलं बोलणं साऱ्या गल्लीचं होतं. अक्काताईंना दोन सुना. थोरली दुर्गाबाई हे शिकली. धाकटी अंबुबाई काही शिकली नाही.

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. निपाणीच्या बाजारातून अक्काताईंच्या मालकांनी मला टॉवेलात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आणलं. त्या काळी माझा थाट होता. खंडेनवमीला धोट्याला आणि मागाला हळदकुंकू लागलं की माझ्या कपाळालाही बोट लागायचं. त्या दिवशी माग बंद असत. वर्षभर मी खडखडाटाशी भांडायचो, त्या एका दिवशी मात्र सगळी गल्ली माझी असे. बायाबापड्या दारात जमत आणि यंदाची चांगली कॅसेट कुठली हे ठरवत. कुणाला माहेरची आठवण झालेली असे, गाणं ऐकता ऐकता कुणाचं आजारी लेकरू झोपी गेलेलं असे. सगळ्यांचं बोलून झालं की अक्काताई मला बंद करत आणि म्हणत, “आता दुर्गीला म्हणू द्या.” दुर्गाबाई डोळे मिटून देवीचं गाणं म्हणायची. तिच्यापुढं गप्प बसायचं मला कधी वाईट वाटलं नाही.

पुढं कॅसेटी गेल्या. मला फळीवर, सुताच्या तुटक्या कांड्यांच्या डब्यामागं टाकलं. पोटात सेल तसेच विसरले. ते पाझरले आणि माझ्या तारा हिरव्या पडल्या. अक्काताईही अंथरुणाला खिळल्या. शेवटच्या आजारात त्यांनी थोरल्या सुनेचा हात धरला. “मंजूच्या हळदीला तूच म्हणायचं हं.” मंजुश्री म्हणजे अंबुबाईची लेक. दुर्गाबाई म्हणाली, “म्हणीन, आत्ती.” मी फळीवरून ऐकलं. अक्काताई गेल्या, घराच्या मधे भिंत आली आणि मी दुर्गाबाईकडं राहिलो.

त्या मंजूनंच मला खाली काढलं. अनगोळला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या परशरामकडं नेऊन तिनं मला पेनड्राइव्हची पट्टी बसवून घेतली. परशराम म्हणाला, “म्हातारं टिकंल अजून, फक्त सेल इसरू नका पोटात.” मग दर थोड्या दिवसांनी मंजू नवनवे अल्बम भरून आणायची. “काकू, ह्यो ऐका. लई भारी हाय.”

आता सुडाकडं येतो, मित्रांनो. त्याशिवाय माझी कहाणी पुरी होत नाही.

गेल्या दसऱ्यानंतरची गोष्ट. भिंतीपलीकडं अंबुबाई मागाशी उभी राहून थोरल्या जावेबद्दल, म्हणजे तिच्या आक्काबद्दल, नवऱ्याशी ओरडून बोलत होती. “...अन् आक्काच्या गाण्याला तर देवबी कान झाकून बसतोय!”

नेमका शेवटच्या शब्दांना करंट गेला. सगळी गल्ली हसली. गल्लीतला मष्णू स्कूटर थांबवून म्हणाला, “वैनी, कापूस देऊ काय देवाला?”

दुर्गाबाई देवापुढं वात वळत होती. सकाळची दिवाबत्ती झाल्याशिवाय ती पाणीही तोंडात घेत नाही. मंगळवारचा उपास तर तापातसुद्धा मोडला नाही. तिनं वात लावली, हात जोडले आणि अगदी हळू म्हणाली, “आई रेणुके, तिची मान खाली गेल्याबिगर मी तोंडानं गाणार न्हाय.”

मग तिनं माझी धूळ पुसली, नवे सेल घातले आणि माझं तोंड भिंतीकडं केलं.

माग चालू असताना ती मला हातही लावायची नाही. करंट गेला, गल्ली शांत झाली, की ती मला सोडायची. मला हे आवडायला लागलं. खोटं कशाला बोलू? फळीवर मला ज्यांनी विसरलं त्यांत अंबुबाईही होतीच की! मंडळी वर्षाचे आवडते अल्बम सांगतात ना, तसे मीही सांगतो.

यंदाचा माझा पहिला लाडका अल्बम देवीपुढं वाजणाऱ्या चौडक्याच्या गाण्यांचा. अर्धी कानडी, अर्धी मराठी. चौडक्याची तार अशी कर्कश, की भिंतीतून सुईसारखी पलीकडं जावी. अंबुबाई दुपारी जरा आडवी झाली की हा लागायचा. “मेली झोपूबी देईना!” असं पलीकडून आलं, की माझ्या जाळीला गुदगुल्या व्हायच्या. दुसरा हलगीचा. त्यात शब्दच नाहीत, नुसता कडकडाट. अंबुबाईचं डोकं उठलं आहे असं कळलं, की दुर्गाबाई जपमाळ ओढत बसायची आणि तो शेवटपर्यंत वाजू द्यायची. यमनाप्पा, तिचे मालक, एकदा म्हणाले, “अगं, पाप लागंल.” ती म्हणाली, “हलगी देवाचीच हाय.”

तिसरा अल्बम मात्र वेगळा. एका म्हाताऱ्या बाईनं नुसत्या तंबोरीवर म्हटलेली देवाची गाणी. तो कधीच भिंतीकडं लागला नाही. तिन्हीसांजेला दुर्गाबाई माझं तोंड आपल्याकडं वळवायची, आवाज अगदी बारीक ठेवायची आणि ओठ हलवायची. आवाज निघायचा नाही. गाता येत असून न गाणारं माणूस मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. मला अंबुबाईचा आणखीच राग आला.

आणि मग मंजूचं लग्न ठरलं.

आमच्यात हळदीची गाणी बायांनी तोंडानं म्हणायची असतात. हळद मुकी गेली तर अपशकुन मानतात. अंबुबाई बोलवायला आली नाही, मंजूच आली. “काकू, आजीला शब्द दिलाय न्हवं तुम्ही?”

“शब्द हाय गं,” दुर्गाबाई म्हणाली. “पण नेमबी हाय माझा.”

मंजू उंबऱ्यात उभी राहिली. मग माझ्याकडं बघून हसली. “यंदा कुठला अल्बम आवडला, ते तरी सांगा.” पोर गेल्यावर दुर्गाबाईनं हलगीचा अल्बम हळदीच्या दिवसासाठी काढून ठेवला.

हळदीच्या सकाळी दोन्ही घरांचे माग बंद होते. दुर्गाबाईनं दिवा लावला, माझं तोंड भिंतीकडं केलं आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. मी तयार होतो, मित्रांनो. एकदा कळ दाबली की पलीकडची एक बाई दुसरीला ऐकू आली नसती. हळद मुकी गेली असती, आणि अंबुबाईनं जन्मभर लेकीकडं बघून मान खाली घातली असती. सूड असा पुरता हाताशी आला होता.

पलीकडं बायांनी गाणं धरलं. पहिलं कडवं झालं, दुसऱ्याला अडखळलं. कुणी भलतीच चाल उचलली. मग सगळ्याच थांबल्या. दुर्गाबाईचं बोट कळीवर आलं.

तेवढ्यात अंबुबाई कुणाला तरी ओरडून बोलली. माग बंद आहेत याचं भान तिला उभ्या जन्मात राहिलं नाही.

“कुणाला येतंय गं पुढचं? आक्काला येतंय! ह्या माझ्या तोंडानं घालवली की तिला! आता कुठल्या तोंडानं बोलवू?”

साऱ्या गल्लीनं ऐकलं. मष्णूनंही ऐकलं असेल, पण स्कूटर थांबली नाही. पलीकडं असं शांत झालं, की हळदीच्या वाटीत बांगडी आपटलेली कळली.

दुर्गाबाईनं कळीवरचं बोट उचललं.

“गेली मान खाली,” ती देवीला म्हणाली. यमनाप्पा हसले. “मग आता माफ केलंस व्हय?”

“माफ कुठलं?” तिनं डोक्यावर पदर घेतला. “दीसभर म्हणणार हाय. सगळी कडवी. आज माग न्हाईत, काय न्हाय. ऐकू दे तिला कान उघडे ठेवून.”

माझा सूड राहिला तो राहिलाच. चरफडत मी तिथंच बसलो. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी म्हातारा असेल तर त्याला पुसा, सेल पोटात विसरू नका, आणि त्याचं तोंड भिंतीकडं करू नका. राग आमच्यातही साठतो, पण चालत जाऊन तो उतरवायला आम्हाला पाय नाहीत.

तिला होते. तिनं आधी माझा आवाज खाली घेतला, अगदी शेवटपर्यंत. मग देवापुढची हळदीची वाटी उचलली, उंबऱ्यावर थांबून घसा खाकरला आणि हळूच शेजारच्या दाराकडं निघाली.