खिडकी बंद, फ्लॉपी बंद

बाईंच्या टायपिंग क्लासच्या भिंतीवर एकवीस कार्डं चिकटवलेली होती, आणि कॉम्प्युटर वापरायला माणसाला त्याहून जास्त काही लागतं यावर बाईंचा विश्वास नव्हता. मॉनिटरवर चहाचा कप ठेवू नये. फ्लॉपी स्पीकरजवळ नेऊ नये, तिचं लोहचुंबकाशी वैर आहे. की-बोर्डमध्ये पावाचा चुरा गेला तर तो पालथा करून पाठीवर थोपटावा. फुंकू नये, थुंकी उडते. पंचवीस वर्षं टाइपरायटर शिकवलेल्या बाई कॉम्प्युटर आला म्हणून दबून जाणाऱ्यांतल्या नव्हत्या. महिनाभर मॅन्युअलशी झटापट करून त्यांनी कार्डं तयार केली, आणि मुलींकडून ती घोकूनही घेतली.

या गोष्टीत तीनच कार्डांशी आपलं काम आहे. चौथं: खिडकी बंद, फ्लॉपी बंद. क्लासमधल्या मोठ्या, लवचिक फ्लॉप्यांच्या कडेला एक चौकोनी खिडकी कापलेली असे. तिच्यावर पट्टी चिकटवली की त्या फ्लॉपीवर नवं काही लिहिता येत नसे आणि जुनं पुसताही येत नसे. सहावं: फ्लॉपी कोरी की भरलेली अशी शंका आली, तर बेलाशक फॉरमॅट देऊन पाहा, म्हणजे सगळं पुसायला सांगून पाहा. बंद असेल ती नकार देते; नकार देत नाही ती आपली. आणि नववं: डिर लिहून एंटर दाबलं की फाइलचं नाव आणि लांबी दिसते. एक बाइट म्हणजे एक अक्षर.

बाईंचा नवरा छापखान्यात कंपॉझिटर होता. शिशाचे खिळे जुळवताना त्यांची बोटं अशी चालत की बघणाऱ्याला अक्षर दिसायच्या आत ओळ तयार होई. छापखाना त्यांच्या बहिणीच्या नवऱ्याचा. त्याने एके दिवशी कॉम्प्युटर आणले, खिळ्यांच्या पेट्या भंगारात दिल्या आणि मेव्हण्याला घरी बसवलं. बहीण तेव्हा तिथेच उभी होती आणि गप्प राहिली. बाईंच्या नवऱ्याला नोकरीपेक्षा ते गप्प राहणं जास्त लागलं. त्यानंतर नऊ वर्षं भावाने बहिणीशी एक अक्षर काढलं नाही, आणि पहिलं पाऊल कुणी टाकायचं यावर दोघंही अडून बसली.

मग बाईंच्या नवऱ्याच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाजच गेला. पाटी-पेन्सिल त्यांनी भिरकावून दिली, आपण काय बालवाडीत आहोत का म्हणून. तेव्हा बाईंनी कुठून तरी एक जुना, बॅगेएवढा कॉम्प्युटर आणला. त्याला हार्डडिस्क नव्हती. छोट्या, टणक फ्लॉपीवरच सगळं चाले. ज्या यंत्राने भाकरी काढून घेतली, त्याच यंत्रावर ते एका बोटाने बोलू लागले. दुसरा हात सलाइनच्या सुयांनी कायम सुजलेला असे. चहात साखर कमी आहे. खिडकी लाव. तू जेवलीस का.

शेवटच्या तीन आठवड्यांत मात्र ते वेगळंच काहीतरी लिहीत बसले. बाई जवळ गेल्या की पडदा हाताने झाकत. मग एकदा त्यांनी टाइप करून दाखवलं: हे माझ्या बहिणीसाठी आहे. तिला उघडायला शिकव. तिचं तिला वाचू दे. तू वाचू नकोस.

बाईंना राग आला होता. आठ महिने सेवा आपण करायची, आणि मोठं पत्र तिला. पण शब्द दिला तो दिला. ते गेल्यावर त्यांनी नणंदेला बोलावून घेतलं, क्लासला मदत करा म्हणाल्या, आणि शिकवलं. वन्संनी पंचेचाळिसाव्या वर्षी सगळी कार्डं पाठ केली. दोन महिन्यांत त्या बाईंपेक्षा चटपटीत झाल्या, तरी बाईंनी फ्लॉपी काही दिली नाही. आज देऊ, उद्या देऊ. खरं सांगायचं तर फ्लॉपी ड्रॉवरमध्ये होती तोवर नवऱ्याचं एक बोलणं शिल्लक होतं, आणि ते संपवायला बाईंचा जीव होत नव्हता. रोज क्लास सुटला की त्या मागच्या खोलीत जाऊन डिर देत, नाव आणि आकडा बघत आणि मशिन बंद करत. फ्लॉपीवर त्यांनी चिठ्ठीसुद्धा लावली नाही. ह्यांचं नाव लिहायला हात धजला नाही. लावायची गरजही नव्हती. नवऱ्याने कोपऱ्याला कानशीने एक खाच पाडली होती, खिळ्याला असते तशी, अंधारातही बोटाला कळावी अशी. आणि छोट्या फ्लॉपीची सरकती खिडकी बंदच होती. जाताना हे स्वतःच बंद करून गेले, असं बाईंना वाटलं होतं.

सहा महिन्यांनी क्लासमध्ये छोट्या फ्लॉपीची नवी मशिनं आली. बाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या त्या दुपारी वन्संनी ड्रॉवर आवरला. बिनचिठ्ठीच्या सगळ्या फ्लॉप्या काढल्या आणि सहाव्या कार्डाप्रमाणे एकेकीला फॉरमॅट देऊन पाहिला. एकीनेही नकार दिला नाही. मग त्यांनी सगळ्यांवर धडे भरले आणि सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या लावल्या.

बाईंना ती खाच ‘सराव सात’ लिहिलेल्या फ्लॉपीच्या कोपऱ्याला लागली. दुरुस्तीवाल्याने ती तपासली, मान हलवली आणि सहज सांगितलं की छोट्या फ्लॉपीचं उलटं असतं, खिडकी उघडी तर ती बंद. हे तर सगळ्यांना माहीत असतं बाई, असंही वर म्हणाला.

दोन दिवस बाईंना घास गेला नाही. सांगावं, तर वन्संनी भावाचे शेवटचे शब्द स्वतःच्या हाताने पुसले हे त्यांना जन्मभर वागवावं लागणार. न सांगावं, तर भाऊ अबोला धरूनच गेला असं त्या मरेपर्यंत समजणार. तिसऱ्या दिवशी बाईंनी भिंतीवरचं चौथं कार्ड ओरबाडून काढलं. वन्सं मशिनांवर कव्हरं घालत होत्या, त्यांनी विचारलं काय झालं.

बाई म्हणाल्या, “वन्सं, ह्यांनी तुमच्यासाठी पत्र लिहिलं होतं. ‘सराव सात’वर.”

वन्संनी हातातलं कव्हर बाजूला ठेवलं. बाईंनी सगळं सांगितलं, खिडकीचंही, सहा महिन्यांचंही. वन्सं पुटपुटल्या की म्हणजे मीच पुसलं.

“माझ्या कार्डाने पुसलं,” बाई म्हणाल्या. “आणि त्याच्या आधी मी पुसलं, रोज उद्यावर टाकून.”

पत्रात काय होतं, असं वन्संनी विचारलं. बाईंनी वाचलं नव्हतं. रागावलेलं होतं की चांगलं होतं, तेही त्यांना सांगता येईना. वन्सं स्टुलावर बसल्या. सकाळीच त्यांनी नव्या बॅचला नववं कार्ड शिकवलं होतं.

“डिर दिलं होतंस कधी?”

“रोज.”

“किती होतं?”

“अकरा हजार दोनशे शेहेचाळीस.”

वन्संनी तो आकडा स्वतःशी पुन्हा म्हटला, हळू, पत्ता पाठ करावा तसा.

“एवढं बोलला दादा माझ्याशी,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी वर पाहिलं. “एका बोटाने?”

“एका बोटाने.”

वन्सं रडायला लागल्या तेव्हा बाई त्यांच्याशेजारी बसल्या. पाचच्या बॅचच्या मुली जिन्यावर येऊन थांबल्या होत्या; त्यांना आत बोलवायचं दोघींनाही सुचलं नाही.