विसातला चौदावा प्रश्न

क्रेनवाल्याने दोन्ही तळहात पँटीला पुसले आणि टेबलाखाली नेले.

"दुखायला लागलं की छातीत धडधडतं?" समोरच्या समुपदेशक बाईंनी कागदावरून वाचलं. "कधीच नाही, कधीकधी, की नेहमी?"

"कधीच नाही."

बाईंनी खूण केली. असे वीस प्रश्न होते, आणि तो पुन्हा क्रेनवर चढणार की कामावरून कमी होणार, हे त्यांच्या उत्तरांवर ठरणार होतं. मुतखडा केव्हाच निघाला होता. डॉक्टरांनी तो बाटलीत घालून दाखवलाही होता, गव्हाच्या दाण्याएवढा. एवढ्याशा खड्याने आपल्यासारख्या गड्याला लोळवावं याची त्याला लाज वाटायची. पण कंपनीला शरीराच्या दाखल्यासोबत मनाचाही दाखला हवा होता.

या दिव्यातून आधी गेलेल्या एका फिटरने त्याला गुरुमंत्र दिला होता. काहीही विचारलं तरी 'कधीच नाही' म्हणायचं, डोळे झाकून. प्रश्न मात्र त्या पठ्ठ्याला एकही आठवत नव्हता. मग बायकोनेच मनाने प्रश्न रचले आणि आठवडाभर जेवताना, कपडे वाळत घालताना त्याची उजळणी घेतली.

"शाळेत एवढं पाठांतर केलं असतं, तर ढगात बसून पोट भरायची वेळ आली नसती तुमच्यावर," ती म्हणाली होती. आत्ता ती बाहेरच्या बाकावर बसली होती.

"बारीकशी कळ आली, तरी तेच दुखणं परत आलं असं वाटतं?"

सकाळी जिना उतरताना कमरेत चमक भरली, तेव्हा तो कठडा धरून श्वास रोखून उभा राहिला होता. सदरा घामाने भिजला म्हणून घरी परत जाऊन बदलून आला होता.

"कधीच नाही."

"नको असताना त्या दिवसाची आठवण येते?"

केबिनची काच त्याच्या डोळ्यांपुढे आली. तीन टन सळ्या हवेत लोंबकळत होत्या, त्यांच्याखाली पाच पिवळी हेल्मेटं, आणि तो स्वतः लिव्हर सोडून, पोटाशी गुडघे घेऊन केबिनच्या तळाशी पडलेला. वॉकीटॉकीवर नुसता आरडाओरडा चालला होता. नंतर सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली, भार सुटू दिला नाहीस म्हणून. त्याने काहीच धरलं नव्हतं. लिव्हर सुटला की ब्रेक आपोआप लागतो, म्हणून ती माणसं वाचली. मागे कोसळण्याऐवजी आपण पुढे, त्या लिव्हरवरच कोसळलो असतो आणि तो दाबला गेला असता तर? हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. नुसत्या विचाराने त्याची पाचावर धारण बसायची.

"कधीच नाही," तो म्हणाला. आवाज जरा मोठाच निघाला.

त्यानंतर त्याने ऐकणंच सोडून दिलं. बाईंचा आवाज थांबला की तो उत्तर द्यायचा. दहावा झाला, बारावा झाला, तेरावाही झाला.

"कळ आली तरी हातातलं काम नीट करता येतं?"

"कधीच नाही."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"हा प्रश्न बाकीच्यांसारखा नाही," त्या म्हणाल्या. "घाई नाही काही. मी परत वाचते, मग सांगा."

त्यांनी एकेक शब्द सावकाश वाचला. या खेपेला त्याने तो ऐकला, आणि आपली चूकही त्याला कळली. सुटणं काहीच अवघड नव्हतं. 'नेहमी' एवढं म्हटलं की काम फत्ते. त्याने तोंड उघडलं. बाहेर बायको खोकली. त्याचा हात आपसूक उजव्या कुशीवर, खडा होता तिथे गेला आणि तिथेच दाबून राहिला.

"बाई, खाली माणसं असतात," तो म्हणाला.

"मग काय लिहू?"

"जे म्हणालो तेच लिहा." त्याने खुर्ची टेबलाशी ओढली. "आणि पहिल्यापासून परत विचारा."